पाच नद्या, दोन अर्धी तिकिटं

माझी आई बार्शीची. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याला पन्नास वर्षं होत आली, पण माहेरचा विषय निघाला की तिचं बोलणं अजून एका गाडीवर येऊन थांबतं. 'बार्शी लाईट'. अडीच फुटी रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी कधीच बंद झाली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा सगळा रस्ता आता ब्रॉडगेज झालाय. यंदा आईला आणि मुलांना घेऊन मावशीकडे बार्शीला जायचं ठरलं, तेव्हा नवरा म्हणाला, कारने पाच-सहा तासांत पोहोचाल. मी म्हटलं, आम्ही पॅसेंजरने जाऊ. रोज थोडं थोडं, मुक्काम करत. आणि बार्शीवर न थांबता लातूरपर्यंत जाऊ.

कारमध्ये माझी मुलं झोपतात नाहीतर मोबाईल मागतात, बाहेर कोणतं गाव गेलं हे त्यांना ठाऊक नसतं. रेवा नऊ वर्षांची आहे आणि मल्हार सहाचा. या वयात त्यांनी आपला मुलूख एकदा तरी त्याच्या चालीने बघावा, असं मला मनापासून वाटत होतं. प्रजासत्ताक दिनाला जोडून शाळेतून चार दिवस मागून घेतले. एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त गाडी नको, एवढाच नियम मी जातानाच्या प्रवासाला लावला होता, आणि मुलं बरोबर असतील तर तो नियम प्रत्येकाने लावावा असं मी सांगेन.

पहिला दिवस : कोल्हापूर ते मिरज

सकाळी शाळेत झेंडावंदन, घरी जेवण, आणि दुपारी स्टेशन. तिकीट खिडकीवर मल्हारला उचलून धरलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं तिकीट त्याला या प्रवासात मिळालं. दोन पूर्ण, दोन अर्धी. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मिरज येईपर्यंत दर पाच मिनिटांनी खिसा चाचपला.

कोल्हापूर-मिरज हा फाटा शाहू महाराजांच्या काळातला. 1888 साली महाराजांच्या हस्ते कामाचा मुहूर्त झाला आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. गूळ मार्केट गेलं, वळिवडे आलं. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेली हजारो पोलिश माणसं, त्यात कितीतरी बायका-मुलं, 1943 ते 1948 या काळात इथल्या छावणीत राहत होती. हे सांगितलं तर रेवाने विचारलं, "त्यांना भाकरी आवडायची का?" मला उत्तर देता आलं नाही. तिने ते वहीत लिहून ठेवलं.

वहीची कल्पना तिचीच. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मी इतकी वर्षं गाडीने फिरते, पण तो आकडा कधी वाचला नव्हता. तिने पहिल्याच स्टेशनात तो वाचला आणि ठरवलं की लातूरपर्यंतचे सगळे आकडे लिहायचे.

आईने तिच्या बटव्यातून रुपयाची नाणी काढली. नदी आली की गाडीतून नाणं टाकायचं, ही तिच्या घरची रीत. बोटांवर मोजून तिने नद्या सांगितल्या. पंचगंगा, कृष्णा, माण, भीमा, सीना. "आणि सहावं कशाला?" मल्हारने विचारलं. बटव्यातून एक नाणं जास्त आलं होतं. "असू दे," आई म्हणाली, "वाटेत काय लागेल सांगता येत नाही."

रुकडीच्या अलीकडे पंचगंगा, जयसिंगपूर सोडल्यावर कृष्णा. पुलावर गाडीचा आवाज बदलतो. जमिनीवरचा घट्ट खडखडाट एकदम पोकळ होतो. मल्हारने ते कानांनी ओळखलं आणि कृष्णेच्या पुलावर डोळे मिटूनच नाणं फेकलं. गजांवर आपटून ते आत पडलं. समोर बसलेल्या काकांनी उचलून त्याच्या हातात परत दिलं आणि त्याचा हात धरून गजांच्या बाहेर नेला. "आता सोड." पाणी खाली हिरवट, संथ. नाणं पडलेलं दिसलं नाही, पण पडलं याची त्याला खात्री होती.

मिरजेत मामेभावाकडे मुक्काम. संध्याकाळी सतारमेकर गल्लीत गेलो. इथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतलं काम होतं तसंच चालू आहे. एका दुकानात ओट्यावर वाळके भोपळे रचलेले होते, माणसाच्या डोक्याहून मोठे. कारागिरांनी एक भोपळा रेवाच्या हातात दिला आणि वर बोटाने टिचकी मारली. आतून खोल, गोल आवाज आला. "हे आमच्याकडं पिकत नाहीत बाळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तुम्ही जाताय ना, त्याच बाजूनं." रेवाने भोपळा दोन्ही हातांनी उचलून कानाला लावला होता, शंख लावतात तसा.

दुसरा दिवस : मिरज ते पंढरपूर

हा प्रवासातला सगळ्यात लांब टप्पा. सकाळची गाडी, जनरलचा डबा. मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. आईला ते आठवतं. लहानपणी वडिलांबरोबर ती इथे उतरली, तेव्हा मोठ्या गाडीचं इंजिन बघून वडिलांच्या धोतरामागे लपली होती.

आरग, बेळंकी, सलगरे. सुरुवातीला ऊस आणि द्राक्षांच्या बागा. मग ऊस विरळ होतो, माती फिकट होते आणि माळ सुरू होतो. पाऊस सह्याद्रीला टेकून जे काही सांडतो त्यातलं इथपर्यंत फारच थोडं येतं. कवठे महांकाळच्या आसपास मात्र माळाच्या मधोमध अचानक हिरवे पट्टे दिसतात. ते म्हैसाळ योजनेचं पाणी. कृष्णेचंच, म्हैसाळहून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलेलं. काल ज्या नदीत नाणं टाकलं तीच इथे कालव्यातून आली आहे, हे मल्हारला पटेना. "मग माझं नाणं पण येईल?" डब्यातल्या एक आजी म्हणाल्या, "येईल की रं. पंपानं फेकलं तर येईल."

त्या आजी ढालगावला उतरल्या. उतरण्याआधी त्यांनी पिशवीतून हुरड्याची कणसं काढून मुलांच्या ओंजळीत दिली. शेकोटीतून नुकतीच काढलेली वाटावी इतकी काळी. कणीस तळहातावर कसं चोळायचं, फुंकर मारून कोंडा कसा उडवायचा, हे त्यांनी मल्हारचा हात हातात घेऊन दाखवलं. हिरवे, मऊ दाणे त्याच्या छोट्या तळव्यावर उरले. त्याने एकेक मोजत खाल्ला. डब्याच्या फरशीवर कोंडा पडला तो आईने पदराने गोळा करून कागदात बांधला.

ही ओळख आरक्षित डब्यात होत नाही, असं मला वाटतं. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जनरलमध्ये जागा मागावी लागते, द्यावी लागते, सरकावं लागतं. माझी मुलं पहिल्या तासात अंग चोरून बसली होती. तिसऱ्या तासाला रेवा आपणहून एका बाईंच्या लेकराला मांडीवर घेऊन बसली.

जत रोडच्या पुढे एका छोट्या स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. एकेरी मार्ग आहे, समोरून गाडी आली की आपण बाजूच्या रुळावर थांबायचं. पाऊण तास गेला. मल्हारची चुळबुळ सुरू झाली, मग रडकुंडीला आला. मोबाईल काढून द्यावा असं एकदा मनात आलं. तेवढ्यात आईने त्याला दाराशी नेलं आणि घट्ट धरून सिग्नल दाखवला. "हा तांबडा आहे तोवर आपला जीव सुरक्षित. हिरवा झाला की सांग मला, सगळ्या डब्याला सांग." त्या कामात तो इतका गुंतला की समोरची गाडी धाडधाड निघून गेली तरी त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, नजर सिग्नलवरच. हिरवा झाल्यावर तो जो ओरडला, त्याने झोपलेली दोन माणसं जागी झाली. कुणी रागावलं नाही.

सांगोल्याला डाळिंबांच्या पाट्या घेऊन बायका चढल्या. या स्टेशनातून डाळिंबं कितीतरी लांब जातात. डिसेंबर 2020 मध्ये शंभरावी किसान रेल इथूनच बंगालमधल्या शालिमारला सुटली होती. पुढे माण नदी. वाळूच वाळू आणि मध्ये पाण्याची बारीक रेघ. रेवाने नाणं अगदी नेम धरून त्या रेघेवर टाकलं.

पंढरपुरात एका लॉजवर फोनवरून खोली सांगून ठेवली होती. पोहोचलो तर ती दुसऱ्यांना देऊन झालेली. दोन मुलं, एक म्हातारी आणि पाठीवर बॅगा घेऊन तासभर फिरलो. शेवटी एका मठात जागा मिळाली, स्वच्छ सतरंज्या आणि गरम आमटी-भात. माघी वारी दोन आठवड्यांवर होती, त्यामुळे गर्दी नव्हती. मुलांना घेऊन जायचं तर वारीच्या दिवसांतली पंढरी टाळावी आणि तिथली खोली आधी पैसे भरून पक्की करावी.

तिसरा दिवस : पंढरपूर, मग बार्शी

पहाटे चंद्रभागेवर. धुकं इतकं की पुंडलिकाच्या देवळाचं शिखर तेवढं तरंगताना दिसत होतं. होडीवाल्या दादांनी मुलांना मध्ये बसवलं. मल्हारने विचारलं, ही भीमा की चंद्रभागा? दादा म्हणाले, "भीमाच. पण इथं वळण घेती चंद्राच्या कोरीसारखं, म्हणून चंद्रभागा." नाणं मात्र त्याने टाकलं नाही. नाणं गाडीतूनच टाकायचं, असा त्याचा नियम झाला होता.

मंदिरात शिरताना नामदेवांच्या पायरीपाशी आई थांबली, वाकली, पायरीवर पाय न ठेवता ओलांडून गेली. मुलांनीही तसंच केलं, मल्हारने तर उडी मारून. दर्शनाचं मी फार लिहीत नाही. विठोबासमोर आईचे डोळे भरून आले आणि रेवाने तिचा हात धरला, एवढंच सांगते.

दुपारच्या गाडीने कुर्डुवाडीकडे निघालो. गाव सोडल्यावर भीमेचा लांब पूल, आणि नाणं. मोडनिंबपर्यंत दोघंही झोपली.

कुर्डुवाडी जंक्शन बघायलाच हवं असं आहे. मुंबई-सोलापूर मोठा मार्ग इथून जातो आणि आपला मार्ग त्याला आडवा येऊन मिळतो. जुन्या काळी या स्टेशनचं नाव 'बार्शी रोड' होतं. बार्शी ही धान्याची, कापसाची मोठी पेठ, पण मोठी रेल्वे तिला चुकवून गेलेली. सगळा माल बैलगाडीने इथपर्यंत यायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने ते अंतर छोट्या रुळांनी जोडलं आणि 1897 मध्ये बार्शीला गाडी आली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. छोटी गाडी भारी माल ओढू शकत नाही, असं तेव्हा मानत. कॅल्थ्रॉपने डब्यांचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून दिलं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ दिलं नाही, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जायला लागला. ते इंग्रज साहेब आज असते तर आईने त्यांना घरी जेवायला बोलावलं असतं, इतकं तिला त्या गाडीबद्दल प्रेम आहे.

सीना नदीवर पाचवं नाणं. मग बार्शी. मावशी स्टेशनवर आली होती. पंचाहत्तरीची मावशी आणि सत्तरीची आई फलाटावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मुलं बघत राहिली. आपली आज्जी कुणाची तरी धाकटी बहीण आहे, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मावशीच्या अंगणात आईने खडू घेतला. मावशीची शिवणकामाची टेप आणली आणि फरशीवर दोन समांतर रेघा मारल्या, अडीच फूट अंतराने. "ही आमची गाडी." मल्हार त्यावर आडवा झाला. डोकं एका रेघेबाहेर, पाय दुसऱ्या रेघेबाहेर. मग तिने साडेपाच फुटांवर आणखी एक रेघ मारली. "ही आजची." त्यात मल्हार पूर्ण मावला, रेवाही मावली, आणि पदर खोचून आईही आडवी झाली तरी वर चार बोटं जागा राहिली. मावशी दारात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या गाडीतून जाताना कोळशाचा कण डोळ्यात जायचा. मग वडील धोतराच्या सोग्याचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ द्यायचे आणि डोळ्यावर धरायचे. ती ऊब अजून आठवते, असं दोघी एकाच वेळी म्हणाल्या.

चौथा दिवस : बार्शी ते लातूर

सकाळी भगवंताचं दर्शन घेतलं. विष्णूचं या नावाचं हे देऊळ म्हणजे बार्शीकरांचा जीव. मग गाडी.

बार्शीनंतर बालाघाटचे डोंगर जवळ येतात. धाराशिव शहराला जुन्या छोट्या गाडीचं स्टेशनच नव्हतं. मार्ग ब्रॉडगेज करताना तो वळवून शहराला जोडला, म्हणून आज तिथे उतरता येतं. आईला हे नवीन होतं. आपल्या रस्त्यावर आपल्याला माहीत नसलेलं शहर आलं म्हणून ती खिडकीशी सरकून बसली आणि मुलांना म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा."

या टप्प्यावर मी मुलांना पाण्याच्या गाडीची गोष्ट सांगितली. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण आटलं, लातूरला प्यायला पाणी नाही. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्या आणि विहिरींपाशी जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून, आपण आलो त्याच मार्गाने लातूरला नेलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे एकेका गाडीला पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. पावसाळ्यात धरणात पाणी येईपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला.

रेवाने वही उघडली. मिरजेपासून आकडे आधी चढत गेले होते, पंढरपूरकडे उतरले होते आणि बार्शीनंतर पुन्हा चढायला लागले होते. लातूरची पाटी आली तेव्हा तिने दोन्ही आकडे शेजारी लिहिले. "मम्मी, लातूर मिरजेपेक्षा उंच आहे. पाणी आपलं आपण आलंच नसतं." वही पुढे करून तिने मला ते दाखवलं. चार दिवस मी तिला भूगोलाचा एक शब्दही शिकवला नव्हता.

लातुरात नवऱ्याच्या मित्राकडे उतरलो. संध्याकाळी दादा-वहिनींनी गंजगोलाई दाखवली. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. मल्हारने एकेका रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बोट मोडत सोळा मोजले.

रात्री जेवताना मल्हारने वहिनींना विचारलं, इथली नदी कुठली, नाणं टाकायचं राहिलंय. वहिनी म्हणाल्या, मांजरा, पण ती गाडीच्या वाटेत लागत नाही. मग त्यांनी त्या उन्हाळ्याबद्दल सांगितलं. त्यांचा मुलगा तेव्हा मल्हारएवढाच होता. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. पहिली पाण्याची गाडी आली त्या दिवशी माणसं ती बघायला गेली होती. बोलता बोलता त्यांनी मल्हारच्या ताटाशेजारचा पेला पाहिला. अर्धा भरलेला होता. त्यांनी तो उचलून बाजूला झाकून ठेवला, ओतला नाही. नऊ वर्षं झाली, हाताची सवय गेलेली नाही. मल्हारने सकाळी उठून तोच पेला मागून घेतला आणि पाणी पिऊन टाकलं.

पाचवा दिवस : परत

परतीला टप्पे केले नाहीत. लातूरहून मिरज एका दमात, जवळजवळ सगळा दिवस. मावशी बार्शी स्टेशनात डबा घेऊन उभी होती. गाडी दोन-तीन मिनिटं थांबली तेवढ्यात तिने खिडकीतून शेंगाची चटणी, ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि आईसाठी एक ब्लाउजपीस आत सरकवलं. आई गाडी वळेपर्यंत गजांना गाल लावून बसली.

लांबचा पल्ला मुलांना जड गेला, हे खरं. सांगोल्यानंतर मल्हारला कणकण वाटली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो पडून राहिला. क्रोसिनचं औषध बरोबर होतं म्हणून निभावलं. पुन्हा जाईन तेव्हा येतानाही पंढरपूरला एक मुक्काम करेन.

मिरजेत गाडी बदलली तेव्हा अंधार पडला होता. कोल्हापूरच्या गाडीत गर्दी कमी. रेवा झोपली, आईही पेंगत होती. मला वाटलं मल्हारही झोपलाय. गाडीचा आवाज एकदम पोकळ झाला तसा तो उठून बसला. खिशातून ते सहावं नाणं काढलं, हात पूर्ण गजांबाहेर नेला आणि मूठ उघडली. खाली काहीच दिसत नव्हतं.

"हे लातूरकडून," तो म्हणाला, आणि पुन्हा माझ्या मांडीवर आडवा झाला.